हातात काळा डबा, माहिती शून्य, सोमवारी रिपोर्ट पाहिजे

संभाजीनगरजवळच्या वाळूजला कामाला लागून दीडेक वर्ष झालं असेल. शुक्रवारी संध्याकाळी, कंपनीची बस सुटायला अर्धा तास राहिला असताना साहेबांनी टेबलावर एक काळा प्लास्टिकचा डबा आणून ठेवला. मुठीपेक्षा जरा मोठा, तीन नळ्या बाहेर निघालेल्या, अंगावर एक पुसट नंबर. म्हणले, "याच्यावर सोमवारी चार पानं दे." मी म्हणलं साहेब, हे आहे काय? तर म्हणले, "तेच तर लिहायचंय."

आपल्या भागात हे काम कधी ना कधी गळ्यात पडतंच. १९८५ला वाळूजला बजाजचा प्लांट आला आणि त्याच्या भोवती छोट्या वेंडरांची रांगच लागली, आता शेंद्रा, चिकलठाणा सगळीकडं कोणी ना कोणी कुणाचा तरी पार्ट बनवतंय. आणि १ एप्रिल २०२०ला बीएस-६ (गाड्यांच्या प्रदूषणाचे नवे नियम) आल्यावर बहुतेक गाड्यांचे कार्ब्युरेटर गेले, इंजेक्शन आलं, तेव्हापासून जुन्या पार्टवर पोट असलेले लोक "नवीन काय बनवता येईल" म्हणून अनोळखी पार्ट उचलून आणायलेत. डिप्लोमाच्या पोरांना पण सेमिनारला असलाच विषय मिळतो, लातूर असो का नांदेड. त्या दोन दिवसात मी जे केलं, जे चुकलो आणि नंतर अशा दहा-बारा रिपोर्टमध्ये जे शिकलो ते सगळं इथं लिहायलो.

आधी विचारा, वाचून काय ठरवणार?

मी पहिली चूक केली ती ही की बसमध्येच मोबाईल काढून शोधायला लागलो. दोन तास गेले आणि हातात काय, तर "काळ्या डब्याचे फायदे" टाईप पानं. शनिवारी सकाळी हिंमत करून साहेबांना फोन लावला, विचारलं की रिपोर्ट वाचून तुम्ही नेमकं काय ठरवणार आहात. एका मिनिटात उत्तर मिळालं: "याचं मोल्डिंग आपल्या मशीनवर होईल का, आणि आत जे काय भरलेलं असतंय ते बाहेरून आणावं लागंल का, एवढंच बघ." चार पानांचा साचा तिथंच तयार झाला. बाजार किती मोठा, कंपनीचा इतिहास काय, हे कोणी विचारलेलंच नव्हतं आणि मी नेमकं तेच शोधत बसलो होतो. विचारायला लाज वाटते खरी, पण साहेब लोकांना असा प्रश्न आवडतो, निदान माझ्या तरी अनुभवात.

सेमिनारवाल्यांनी सरांना हेच वेगळ्या शब्दात विचारावं, काम कसं करतं त्याला मार्क आहेत का बनवतात कसं त्याला.

मग एक तास नेट बंद, फक्त वस्तू

हा भाग लोक सगळ्यात कमी करतात आणि माझ्या मते अर्धा रिपोर्ट इथंच मिळतो. माहिती कमी आहे म्हणजे कागदावरची कमी आहे, वस्तू तर पूर्ण हातात आहे ना. पांढऱ्या कागदावर ठेवा, बाजूला स्टीलची पट्टी ठेवा आणि सहाही बाजूंनी फोटो काढा. व्हर्नियरनं प्रत्येक नळीचा बाहेरचा आणि आतला व्यास घ्या, तिन्ही नळ्या सारख्याच दिसतात पण माझ्या डब्याची एक नळी जरा बारीक निघाली, आणि वेगळं माप असलं की त्याला काहीतरी कारण असतंय. वजन किराणा दुकानाच्या काट्यावर करू नका, तो पाच-दहा ग्रॅम इकडंतिकडं दाखवतो. मी सराफ्यातल्या ओळखीच्या काकांकडं गेलो, त्यांनी आधी डब्याकडं आणि मग माझ्याकडं बघितलं, पण वजन करून दिलं.

हलवून बघा, वास घ्या, नळीतून हलकं फुंकून बघा (जुना, वापरलेला पार्ट असेल तर तोंड लावू नका, सायकलचा पंप लावा). माझा डबा हलवला तर खुळखुळला नाही, पण जड होता, म्हणजे आत काहीतरी घट्ट दाबून भरलेलं होतं. एका नळीतून फुंकलं तर हवा बाकीच्या दोन्हींतून निघाली, म्हणजे आत हवा अडवणारा वॉल्व्ह नाही. दोन ओळी लिहिल्या तरी ह्या पक्क्या ओळी.

मग अंगावरच्या खुणा. भिंग घ्या, टॉर्च तिरपा धरा. प्लास्टिकच्या पार्टवर > < अशा दोन टोकदार खुणांच्या मधे मटेरियल लिहिलेलं असतंय. माझ्या डब्यावर पीए६६-जीएफ३० होतं, म्हणजे नायलॉन ६६, त्यात वजनानं ३० टक्के काचेचे तंतू. साहेबांच्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथंच आलं, कारण नायलॉन हवेतली ओल पितो म्हणून मोल्डिंगच्या आधी दाणे सुकवायला ड्रायर लागतो, आणि काचेमुळं मोल्ड लवकर घासतो म्हणून मोल्डचं स्टील कडक लागतं. आमच्याकडं पीपीचं (पॉलिप्रॉपिलीन, साधं प्लास्टिक) काम चालायचं, ड्रायर नव्हता. बघा, नेट न उघडता किती पुढं आलो. जवळच एक छोटं घड्याळासारखं गोल चिन्ह असतंय, बाण ज्या आकड्याकडं तो महिना, मधे वर्ष, तो पार्ट कधी बनला ते सांगतो.

पार्ट धातूचा असेल तर आधी चुंबक लावा. चिकटला नाही तर ॲल्युमिनियम किंवा झिंक असू शकतं, काही स्टेनलेस पण चिकटत नाही. तेव्हा वजन करा आणि मग काठोकाठ भरलेल्या पाण्यात बुडवून किती पाणी सांडलं ते मोजा. ग्रॅमला मिलीनं भागा, २.७च्या आसपास आलं तर ॲल्युमिनियम, साडेसहाच्या वर झिंक, पावणेआठच्या जवळ स्टील. पार्ट आतून पोकळ आणि बंद असेल तर हा हिशोब फसतो, तेवढं ध्यानात ठेवा. बेरिंग असेल तर नंबरच बोलतो: ६२०३ म्हणजे आतला व्यास १७, बाहेरचा ४०, जाडी १२ मिमी, कोणत्याही कंपनीचं असो. टायर असेल तर डॉट (DOT) शब्दाच्या ओळीत शेवटचे चार आकडे बघा, २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा.

मिस्त्रीकडं जा, पण एकाच मिस्त्रीकडं नको

डबा पिशवीत घालून मी शनिवारी दुपारी तीन गॅरेज फिरलो. ऊन असं की पिशवी सुद्धा तापलेली. पहिला म्हणला हा प्रदूषणाचा डबा. दुसरा म्हणला काढून टाकला तरी गाडी पळते, काही फरक पडत नाही. तिसरे एक चाचा, त्यांनी डबा हातात घेऊन फिरवला आणि म्हणले, "पेट्रोल की भाप पीता ये डब्बा. टाकी गलेतक फुल करते ना लोगां, तो इसके अंदर पेट्रोल घुस जाता, फिर गाडी मिसिंग मारती." त्यांच्या भंगारात तसलाच एक जुना पडलेला होता, नाकाजवळ नेला तर पेट्रोलचा भपका. पन्नास रुपयात घेतला.

मिस्त्री जे लक्षण सांगतो ते सोनं समजा, कारण त्यानं ते शंभर वेळा बघितलेलं असतंय. पण तो जे कारण सांगतो ते तपासून घ्या. आणि "काढला तरी चालतंय" हे वाक्य रिपोर्टमध्ये तसंच टाकू नका, गाडी पळते हे खरं पण पार्ट गाडी पळवायला लावलेलाच नसतो, वाफ बाहेर जाऊ नये म्हणून लावलेला असतो. विचारायचे प्रश्न साधे ठेवा: गाडीत कुठं बसतो, शेजारी काय असतंय, खराब झाला तर गिऱ्हाईक काय तक्रार घेऊन येतं, आणि तुम्ही याला काय म्हणता. शेवटचा प्रश्न विसरू नका, कारण नाव मिळालं की शोधाचं दार उघडतं. चाचा त्याला "कनिस्टर" म्हणले, आणि तिथून गाडी रुळावर आली.

आता नेट उघडा

नाव माहीत नसेल तर वस्तू काय करते ते टाकून शोधा, नाव माहीत असेल तर नाव अधिक काम, दोन्ही टाका. पार्ट नंबर अवतरण चिन्हात टाकून शोधायचा, नाहीतर गूगल त्याचे तुकडे करून भलतंच दाखवतं. विकणाऱ्यांच्या पानावर जास्त वेळ घालवू नका, तिथलं वर्णन एकानं लिहिलेलं आणि वीस जणांनी उचललेलं असतंय, वीस ठिकाणी सापडलं म्हणून ते खरं होत नाही.

त्यापेक्षा चार जागा बघा. पहिली गाडीची पार्ट्स कॅटलॉग, त्यात सुटे केलेले पार्ट चित्रात मांडलेले असतात, आपला डबा कोणत्या पाईपला जोडलाय ते एका नजरेत कळतं. एक नळी टाकीकडं, एक इंजिनकडं आणि तिसरी नुसती मोकळी हवेत, हे मला तिथंच दिसलं. दुसरी जागा ओनर्स मॅन्युअल, त्यात टाकी गळ्यापर्यंत भरू नका अशी सूचना होती, म्हणजे चाचाचं म्हणणं कागदावर पण मिळालं. तिसरी जागा पेटंट. गूगल पेटंट्स फुकट आहे, भारतीय पेटंट ऑफिसचा शोध पण फुकट आहे. पेटंटची भाषा वकिली असते, तिला घाबरू नका, सुरुवातीची "आधी काय अडचण होती" सांगणारी दोन पानं आणि नंबर टाकलेली चित्रं, एवढंच वाचा. पण पेटंटमधे लिहिलंय म्हणून तुमच्या हातातला पार्ट तसाच असेल असं मात्र धरू नका.

चौथी जागा नियम. पुण्याच्या एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेच्या साईटवर एआयएस म्हणजे गाड्यांची आणि पार्टची स्टँडर्ड मिळतात, आणि सेंट्रल मोटर व्हेईकल रूल्स १९८९ तर सगळीकडं मिळतात. नियम वाचले की पार्ट का जन्माला आला ते कळतं. १ एप्रिल २०१७पासून देशभर बीएस-४ लागलं आणि त्यात दुचाकीच्या टाकीतून उडणाऱ्या पेट्रोलच्या वाफेवर पण मर्यादा आली, म्हणून हा डबा. आपल्याकडं एप्रिल-मे मधे पारा ४० पार जातो, उन्हात लावलेल्या गाडीच्या टाकीत वाफ किती होत असेल याचा विचार करा.

जुनं बिल किंवा चलन हाताला लागलं तर एचएसएन कोड, म्हणजे टॅक्ससाठी मालाच्या प्रकाराला दिलेला नंबर, बघा. ८७०८ असेल तर मोटारीचा पार्ट, ८७१४ दुचाकीचा, ८५११ इग्निशन आणि स्टार्टिंगचं सामान, ८५१२ लाईट-हॉर्न. याच्यावरून घराणं कळतं, माणूस कळत नाही. आणि बिल करणाऱ्यानं कोड चुकीचा टाकलेला मी दोनदा बघितलाय.

एआयला विचारायचं का? विचारा की, काम समजून घ्यायला चांगलं आहे. पण माझ्या डब्याचा पार्ट नंबर टाकला तर त्यानं छातीठोक तीन वेगवेगळ्या गाड्यांची नावं दिली आणि कॅटलॉगमधे बघितलं तर त्यातली एकही बरोबर नव्हती. आणि कस्टमरचं ड्रॉईंग, कोटेशन असलं काही तिथं किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, नोकरी जायची.

कशावरून?

आता जे सांगायलो तो या सगळ्याचा कणा आहे. आमचं गाव उदगीरकडं. लहानपणी आजोबांबरोबर हाळी-हंडरगुळीच्या बैल बाजारात जायचो. विकणारा म्हणायचा, देवणी आहे, सहा दाती आहे, औताला कधी बसला नाही. आजोबा एकच शब्द बोलायचे, "कशावरून?" आणि उत्तराची वाट न बघता स्वतः बैलाचा जबडा उघडून दात मोजायचे. दात मोजले की सहा दाती हे पक्कं. औताला बसला नाही, हे नुसतं विकणाऱ्याचं म्हणणं, ते सोडून द्यायचे किंवा औत धरून बघायचे.

रिपोर्टच्या प्रत्येक ओळीला हा प्रश्न विचारा. मी वहीत पानाला उभी रेघ मारतो, डावीकडं वाक्य, उजवीकडं कशावरून. उजवीकडं तीनच प्रकार येतात: मी मोजलं-बघितलं, अमुक कागदात वाचलं, किंवा अंदाज. उजवी बाजू रिकामी राहिली तर डावीकडचं वाक्य खोडायचं, कितीही चांगलं वाटलं तरी.

याचा मला बसलेला फटका सांगतो. डब्याच्या आत ॲक्टिव्हेटेड कार्बन असतो हे वाचून कळलं होतं. आमच्या घरी आरओच्या फिल्टरमधे नारळाच्या करवंटीचा कार्बन असतो, म्हणून मी पहिल्या ड्राफ्टमधे ठोकून दिलं की "आत करवंटीचा कार्बन आहे". रविवारी वही काढून बसलो तर उजवीकडं लिहायला काहीच नाही. मग चाचाकडून आणलेला जुना डबा मोकळ्या हवेत दिवसभर ठेवला, हॅकसॉ नं हळूहळू कापला (घरात नाही, गॅसजवळ तर अजिबात नाही, आत पेट्रोल मुरलेलं असतंय, आणि साहेबांनी दिलेला नवीन पीस परवानगीशिवाय कापायचा नाही). आत स्प्रिंग, भोकं असलेली जाळी, फेल्टसारखा पातळ थर आणि काळे दाणे. दाणे आणखी वाळू दिले, मोजपात्रात १०० मिली भरले, सराफ काकांनी परत वजन करून दिलं, ३३ ग्रॅम. करवंटीचे दाणे तेवढ्याच मापात ५० ग्रॅमच्या आसपास भरतात. वाचून बघितलं तर वाफेच्या डब्यात बहुतेक लाकडापासून केलेला कार्बन वापरतात, त्याची छिद्रं जरा मोठी असतात, वाफ धरतो आणि सोडतो पण. पाण्याच्या फिल्टरवाला तिथं चालत नाही, तो धरून बसतो, सोडायला कुचराई करतो. मी तसंच दिलं असतं तर साहेबांनी आरओवाल्याकडून भाव मागवला असता.

म्हणून अंदाज लिहायला बंदी नाही, पण अंदाज म्हणून लिहा आणि तो कशानं पक्का होईल ते पण लिहा. माझ्या रिपोर्टमधल्या ओळी अशा होत्या:

"बॉडी पीए६६-जीएफ३०. पार्टवरची खूण."

"कार्बन लाकडी असावा. १०० मिलीचं वजन ३३ ग्रॅम (जुना पीस, दाण्यात थोडं पेट्रोल राहिलेलं असू शकतं). पक्कं करायला ब्यूटेन वर्किंग कपॅसिटीची (कार्बन किती वाफ धरतो-सोडतो ते मोजायची) टेस्ट लागेल."

"स्प्रिंग दाणे दाबून ठेवते. स्प्रिंग ढिली पडली तर दाणे घासून भुकटी होईल आणि पर्ज वॉल्व्ह (डब्यातली वाफ इंजिनाकडं सोडणारा) तुंबेल असा अंदाज. मिस्त्रीला विचारलं, त्यानं अशी एक केस बघितली म्हणतो."

"बारीक नळीचं भोक किती टॉलरन्समधे (मापात किती फरक चालेल) लागतं: माहीत नाही. कस्टमरच्या ड्रॉईंगशिवाय कळणार नाही."

शेवटची ओळ लिहायला मला लई भीती वाटली होती. साहेबांनी मीटिंगमधे सगळ्यात आधी तीच वाचली, आणि कस्टमरला विचारायच्या प्रश्नात तीच पहिली गेली.

लिहायचं कोणत्या क्रमानं

पहिलं अर्धं पान शेवटी लिहा. त्यात फक्त वस्तू काय आहे, कुठं बसते, काय करते आणि साहेबांच्या प्रश्नाचं उत्तर. आमचं उत्तर होतं: मोल्डिंग जमेल पण ड्रायर घ्यावा लागेल, मोल्डचं स्टील बदलावं लागेल, कार्बन बाहेरून घ्यावा लागेल. संपलं. ज्याला घाई आहे तो इथंच थांबेल आणि थांबू द्या.

काम कसं करतं ते लिहायच्या आधी घरात कोणाला तरी सांगून बघा. मी आईला सांगितलं. गाडी उभी असताना टाकीतली वाफ डब्यात जाते, कार्बन ती पकडून ठेवतो, गाडी चालू झाली की इंजिन मोकळ्या नळीतून ताजी हवा ओढतं, ती हवा कार्बनमधली वाफ घेऊन इंजिनात जाते आणि जळते. आई म्हणली म्हणजे फरशी पुसायचं फडकं, आधी शोषून घेतं मग पिळायचं. मी तेच लिहिलं, "शोषणं आणि पिळणं", आणि पिळायची सोय म्हणजे ती मोकळी नळी, ती बंद झाली तर फडकं ओलंच राहतं. साहेबांनी पुढं मीटिंगमधे हाच शब्द वापरला.

आकृती हातानंच काढा, मोबाईलनं स्कॅन करा. तीन चौकोन, तीन बाण, प्रत्येक बाणावर काय वाहतं ते. कॅटलॉगमधलं चित्र उचलून चिकटवण्यापेक्षा हे बरं, कारण काढताना कळतं की आपल्याला काय समजलेलं नाही.

किंमतीबद्दल विचारलं असेल तर एक आकडा कधीच देऊ नका. बॉडीचं वजन, त्या मटेरियलचा आजचा भाव सप्लायरला फोन करून, मशीनवर एका शॉटला, म्हणजे एकदा साचा भरून पीस निघायला, किती सेकंद लागतील याचा टूलरूमवाल्याचा अंदाज, एवढं मांडा आणि कमीत कमी ते जास्तीत जास्त अशी रेंज द्या. साहेबांना रेंज आवडत नाही, ते मधला आकडा धरतात, पण तो त्यांनी धरलेला असतो, तुम्ही दिलेला नसतो.

भाषा? कंपनीत इंग्लिशमधे द्यावा लागतो, मला माहितीय. पण आधी मराठीत लिहा, मग इंग्लिश करा. सरळ इंग्लिशमधे लिहायला बसलं की आपण नेटवरची वाक्यं उचलतो, आणि त्यांना कशावरून विचारलं की तोंड उघडं पडतं. सेमिनारवाल्यांनो, तुमच्या सरांना पण ती वाक्यं ओळखू येतात, ते फक्त बोलत नाहीत.

द्यायच्या आधी एकदा युनिट तपासा, मिमी आणि सेंमी, ग्रॅम आणि किलो, फोटोला नंबर आहेत का, आणि विषय न समजणाऱ्या एकाला पहिलं अर्धं पान वाचायला द्या.

रिपोर्ट दिला की पीस परत करायची किंवा फेकायची घाई करू नका. कापलेले तुकडे, दाण्यांची पुडी, सगळं एका पिशवीत घालून वर तारीख आणि रिपोर्टचा नंबर लिहून ठेवा. माझा रिपोर्ट देऊन तीन महिने झाले होते, तेव्हा परचेसवाल्याचा फोन आला की बारीक नळीचं भोक सरळ होतं का आतून निमुळतं. वहीत नव्हतं, फोटोत दिसत नव्हतं. ड्रॉवर उघडला, पिशवीतून अर्धा कापलेला डबा काढला, नळीत टॉर्च मारला. निमुळतं होतं.